वचन पूर्ण कर

दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. लिफ्ट बंद पडो की पाणी जावो, त्यांचं एकच वाक्य असायचं, "चलो, प्रभू बघेल." काका गेले आणि त्या वाक्यातला प्रभूही गेला. नुसतं "चलो, बघू" उरलं. रोज वाचायचं पवित्र शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, विणलेल्या रुमालाखाली फ्रिजवर पडून राहिलं. मी त्यांच्या धर्माची नाही, त्यामुळे कधी विचारलं नाही.

त्या दुपारी टीव्हीवर मानेसरच्या एका कारखान्याला लागलेली आग दाखवत होते. काकूंचा मुलगा तिथेच कामाला, आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी धावत गेले, तर त्यांनी शास्त्र उतरवून माझ्या हातात दिलं.

"अक्षरं हलतायत गं. तू वाच."

खूण होती तिथलं स्तोत्र मी अडखळत वाचू लागले. काकू डोळे मिटून माझ्या अर्धा शब्द पुढेच म्हणत होत्या. शेवटच्या दोन ओळी उरल्या आणि फोन वाजला. मी झेप घेतली, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"वचन पूर्ण कर."

"अहो काकू, फोन!"

"वाच."

रिंग वाजत राहिली. मला त्यांचा भयंकर राग आला होता. मी घाईघाईने ओळी संपवल्या. काकूंनी सावकाश "आमेन" म्हटलं आणि मगच फोन उचलला.

मुलाचाच आवाज होता. तो सुखरूप होता.

काकूंचं आमेन त्याआधीचं होतं. माझ्या मनगटावर उमटलेले त्यांच्या बोटांचे वळही त्याआधीचेच.