लॉगिनच्या पानातून गेलेला पत्ता

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, दादानं, बारामतीत इंटरनेटवरचं दुकान काढलं. परदेशातल्या मुलांनी तिथं फळांची नाहीतर पेढ्यांची टोपली निवडायची आणि आम्ही ती इकडं त्यांच्या आईबापांच्या दारात पोचवायची. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. गावाकडं जळोचीत आमच्या भावकीला हा धंदा वाटायचाच नाही. वेबसाइट दादा बघायचा. टोपल्या भरणं, कार्डं लिहिणं आणि एसटीनं नेऊन देणं माझ्याकडं. मजकूर इंग्रजी अक्षरांतून यायचा, मी तो सुवाच्य मराठीत उतरवायचे.

इंदापुरात एक निवृत्त फिटर एकटेच राहायचे. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणायची, मीही म्हणायचे. त्यांची मुलगी अमेरिकेतून सणासुदीला टोपली पाठवायची. एकदा चहा देता देता त्यांनी सांगितलं, की तिनं नवऱ्याचं घर सोडलंय. तो हात उचलायचा.

"जावयाला तिचा पत्ता ठावं न्हाय," ते म्हणाले. "तुमी बी कुठं बोलू नका."

मी मान हलवली. परत येताना एसटीत मनात आलं, की तो पत्ता आमच्याकडं आहे. तिनं तो स्वतःच्या खात्यात भरला होता. पण खात्याला पासवर्ड होता. त्याला दादा कुलूपच म्हणायचा.

दिवाळीच्या तोंडावर तिच्या खात्यावरून ऑर्डर आली. कार्डाचा मजकूर असा होता: 'तात्या, नवीन घर छान आहे. समोर शाळा आहे. खिडकीला पिवळे पडदे आहेत. काळजी करू नका.' मला तो आवडला. मी हिरव्या शाईनं लिहिला, कोपऱ्यात पणती काढली आणि दुपारी टोपली घेऊन इंदापूरला गेले.

तात्यांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, हे कुणी लिहिलं? अक्षर माझं, मजकूर तुमच्या मुलीचा, असं मी सांगितलं.

"ती मला आबा म्हणती," ते म्हणाले. "तात्या जावाय म्हणतो." तिच्या आधीच्या कार्डांवर मी 'आबा'च लिहिलं होतं, ते मला आता आठवलं.

आम्ही चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो. तिकडं सकाळ होती. पहिल्यांदा फोन नुसता वाजत राहिला. कार्ड त्यांच्या हातात तसंच होतं आणि त्यावरचं माझं अक्षर मला बघवत नव्हतं. दुसऱ्यांदा तिनं उचलला. त्यांनी एवढंच विचारलं, की घराचे पडदे कसल्या रंगाचे हायेत. उत्तर ऐकून त्यांनी कार्डावरच्या 'पिवळे' या शब्दावर बोट ठेवलं.

"दार लाव," ते म्हणाले. "पोलिसास्नी बोलाव. ते आल्याबिगर भाईर पडू नगंस."

मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडं दिला. तिनं ऑर्डर दिलीच नव्हती. थोड्या दिवसांपूर्वी तिला आमच्या दुकानाच्या नावानं ईमेल आला होता, दिवाळीच्या नव्या टोपल्या बघा म्हणून. खालच्या लिंकवर क्लिक केल्यावर आमचंच पान उघडलं. तिनं नाव आणि पासवर्ड घातला. पान म्हणालं चुकलं, म्हणून तिनं पुन्हा घातला.

बारामतीला येऊन मी दादाला सांगितलं. असं होणंच शक्य नाही, तो म्हणाला. मग त्यानं करून बघितलं. पासवर्ड चुकला, की आमचं पान 'माफ करा' म्हणून पुढं भरलेलं नाव जसं आलं तसं छापायचं. दादानं नावाच्या जागी नाव न लिहिता कॉम्प्युटरला द्यायची एक आज्ञा लिहिली. पानानं ती मुकाट्यानं पाळली. तशी आज्ञा लिंकमध्येच लपवून धाडता येत होती. पान आमचं, वरचा पत्ता आमचा, पण तिथं टाइप केलेलं सगळं लिंक धाडणाऱ्याकडं जायचं.

"जावई करतो काय तिकडं?" दादानं विचारलं.

"तुझंच काम," मी म्हणाले. "तात्या म्हणाले, वेबसाइटी बनवतो."

दादानं कीबोर्ड पुढं ओढला.

पोलीस आले तेव्हा शाळेसमोरची एक गाडी निघून गेली, एवढं तिनं नंतर वडिलांना सांगितलं. ती आधी मैत्रिणीकडं गेली, मग दुसऱ्या गावात. दादानं पान दुरुस्त केलं, सगळ्या गिऱ्हाइकांना पासवर्ड बदलायला कळवलं. दुकान पुढं थोडे महिने चाललं, पण आमचा जीव त्यात उरला नव्हता.

उन्हाळ्यात तात्या स्वतः बारामतीला आले. मुलीचं खातं पुसून टाका म्हणाले. दादानं त्यांच्यासमोर पुसलं, रिकामं पान दाखवलं.

"आता कुठं ऱ्हायलं न्हाय न्हवं?"

दादानं खरं ते सांगितलं. वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर होती तो अमेरिकेतल्या एका कंपनीचा होता. ते लोक सगळ्याच्या प्रती काढून ठेवायचे, आणि त्या आमच्या हातात नव्हत्या.

"म्हंजे हाय," तात्या म्हणाले.

"असू शकतं, तात्या."

त्यांनी टोपी घातली आणि स्टँडकडं निघाले. ती कुठल्या गावात गेली हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ती सुखरूप आहे, एवढं त्यांच्या गल्लीतून कानावर येत राहिलं.