एक बाई गप्प होती

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आचऱ्याच्या बाजारात बांगडे निवडत होतो. फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही... 'सुटलो' असं आलं. महिना होत आला, त्या एका शब्दाची लाज अजून जात नाही.

ताई सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन आमच्या वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून आल्या आणि कार्यकारिणीवरही बसल्या. मी सचिव, निवृत्त मास्तर. अक्षर चांगलं एवढीच माझी लायकी. आमची सभा देवळातल्यासारखी गाऱ्हाण्यानं सुरू व्हायची. अध्यक्ष भाई गाऱ्हाणं घालत आणि प्रत्येक मागण्याला आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हणत असू. हळूहळू देवाकडचं मागणं कुठे संपतं आणि भाईंचा ठराव कुठे सुरू होतो तेच कळेनासं झालं, पण आमचं "व्हय म्हाराजा" चालूच. ताई मात्र मध्येच गप्प होत. मी एकदा छेडलं तर म्हणाल्या, "देवाक व्हय म्हणतंय. भाईंका इचार करून म्हणतंय."

एका दुपारी पेज सांडली म्हणून भाईंनी एका आजीचा हात पिरगळला. मनगट मोडलं. ताईंनी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळच्या सभेत भाईंनी गाऱ्हाणं घातलं, "म्हातारी न्हाणयेत पडली. तेचो कोण बोभाटो करीत असात, तर तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे... "व्हय म्हाराजा!" ताई तेवढ्या उठल्या. "मी बघलंय. ती पडाक नाय." कोणी मान वर केली नाही. मी इतिवृत्तात लिहिलं, 'न्हाणीघरात पडून दुखापत. सर्वानुमते नोंद.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख.

ताई एकट्या पोलिसांत गेल्या. भाईंवर गुन्हा दाखल झाला, त्यांनी राजीनामा दिला, आम्ही नवा अध्यक्ष निवडून हुश्श केलं. ताई माझ्या पडवीत येऊन बसल्या. "हात भाईंचो, पण कागद संस्थेचो. 'पडली' म्हणान कोणी लिवल्यान रे? संस्थेनय जबाब देवक व्हयो. तू जावन सांग."

"ताई, संस्था बंद पडली तर म्हातारी माणसां खंय जातली?"

"मगे काय, हात मोडून घेवक हयच रवतली?"

मी "बघूया" म्हटलं. आमच्याकडे 'बघूया' म्हणजे 'नाही', हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. चहा अर्धा टाकून त्या उठल्या. त्यानंतर रस्त्यात भेटल्या की काही बोलत नसत, नुसत्या बघत. मी वाट बदलायला शिकलो.

शोकसभेतही नव्या अध्यक्षांनी गाऱ्हाणं घातलंच. "सुमनताईच्या आत्म्याक शांती दी, आणि संस्थेच्या नावाक बट्टो लागाक देऊ नको रे म्हाराजा!" पहिल्याला मी "व्हय" म्हटलं. दुसऱ्याला तोंड उघडेना. समोर खिडकीपाशी त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि गाऱ्हाण्यात त्या जिथे गप्प होत, ती जागा पहिल्यांदाच मला कळली.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताची वही घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी पान वाचलं. "सर्वानुमते झालं होतं ना हे?"

"नाही," मी म्हणालो. "एक बाई गप्प होती. मग उठून खरं बोलली. मी ते लिहिलं नाही."

"मग इतके दिवस कुठे होतात, मास्तर?"

हे विचारायचा हक्क ज्यांचा होता, त्यांनी कधी विचारलं नाही... नुसतं बघितलं.