ओब्रादचा कुत्रा

ओब्राद एका जागी बसला असं बेली ब्रेग गावात कुणी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातही तो नवरीच्या खुर्चीमागे उभा होता म्हणे. उभा जन्म पाण्याचे मीटर वाचत दारोदार फिरण्यात गेला. पेन्शन सुरू झाली, पण पायांना ते कुणी कळवलं नाही. बुद्धिबळ खेळतानासुद्धा एक चाल करायची, उठायचं, खिडकीपाशी जायचं, तिथून काहीच दिसत नसलं तरी बघायचं, आणि परत यायचं.

"खुर्ची चावते का रे तुला?" नेवेंका, त्याची बायको, विचारायची.

"चावणारं काय ते मी ओळखतो," तो म्हणायचा.

ते मात्र खरं होतं. मीटरवाल्याचा वैरी एकच, कुत्रा. घरमालक फाटक उघडतो, "काही करत नाही तो" म्हणतो, आणि तो मात्र करतो. ओब्राद अनुभवानं शिकला होता की कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही आणि काठीही उगारायची नाही. चेहरा त्याच्याकडे ठेवून एक पाऊल मागं घ्यायचं. कुत्र्याला तुम्ही त्याच्या हद्दीत नको असता, बाकी त्याचं तुमच्याशी काही भांडण नसतं.

गावाचा बुद्धिबळाचा क्लब आगीच्या बंबाच्या इमारतीत, मागच्या खोलीत भरतो. तिथं ओब्रादनं तरुणपणी स्वतःचा एक डाव बसवला. पांढरी मोहरी असली की कडेचं, हत्तीपुढचं प्यादं सोडायचं. ते सुसाट निघतं आणि समोरच्याच्या दारात जाऊन भुंकतं. त्याला मारलं तर मागचा हत्ती मोकळा होऊन अंगावर येतो. दुर्लक्ष केलं तर ते दार फोडून आत शिरतं. गावानं त्या डावाला नाव दिलं, ओब्रादचा कुत्रा. तिसा नदीच्या दोन्ही काठांवर कितीतरी माणसांना तो चावला होता.

त्यावरचा उपाय फक्त ओब्रादला ठाऊक होता, आणि तो मीटरवाल्याचाच उपाय होता. बाहेर काढलेला घोडा मुकाट्यानं उचलायचा आणि परत त्याच्या पहिल्या घरात नेऊन ठेवायचा. एक पाऊल मागं. मग ते प्यादं भलत्याच्या दारात एकटं उभं राहतं आणि त्याचं काय करायचं ते मालकालाही सुचत नाही. पण पुढं काढलेलं मोहरं मागं नेणं माणसाच्या जिवावर येतं. कुणाला ते सुचलं नाही, आणि ओब्रादनं कधी सांगितलं नाही.

पूर्वी क्लबात जो तो आपापल्या बापाचा डाव खेळायचा. ग्लिशा पाववाला, क्लबाचा कप्तान, वडिलांकडून दोनच गोष्टी शिकला होता, पावाचं आंबवण आणि वजिरापुढचं प्यादं. मग फोन आले, आणि फोनमध्ये गुरू आले. सोमवारी कुठला तरी दाढीवाला पडद्यावर ओरडायचा, "हे खेळा, समोरचा रडेल," आणि गुरुवारी सगळा क्लब तेच खेळायचा. दोन्ही बाजूंनी तेच, म्हणून रडायला कुणी शिल्लक राहायचं नाही. पुढच्या सोमवारी दुसरा दाढीवाला. पोस्टमन तर म्हणायचा, माझा डाव अजून यायचाय, नेट हळू चालतंय.

अशातच उन्हाळ्यात यागोदा आली. शेजारच्या घरातली नात, आता नोव्ही साद शहरात राहणारी. बुद्धिबळाचे व्हिडिओ करून पोट भरते, हे तिच्या आजीला अजूनही कुणाला सांगवत नाही. ओब्राद मिरच्या भाजत होता. तिनं फोन स्टँडवर लावला आणि म्हणाली, "काका, तुमचा कुत्रा दाखवा ना लोकांना."

"चावला तर?"

"चावावा म्हणूनच तर."

त्यानं दाखवला. हात काळे, मागं मिरच्यांचा धूर, आणि पायांना थारा नाही म्हणून तो सारखा चित्राबाहेर जायचा. फाटकं, घरमालक, कुत्रे, सगळं रंगवून सांगितलं. घोडा मागं नेण्याचं तेवढं सांगितलं नाही. नेवेंकासुद्धा आपल्या आयवारची, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची, कृती मागेल तिला देते, पण वांगं किती ते सांगत नाही. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

तो व्हिडिओ इतक्या लोकांनी पाहिला की तेवढ्या माणसांनी बंबाची इमारत कित्येक पिढ्या भरली असती. पोर्तुगालहून कुणी लिहिलं, मी तुमच्या कुत्र्यानं माझ्या सासऱ्याला हरवलं. ओब्राद आठवडाभर खुशीत अंगणात फेऱ्या मारत होता. मग गुरुवार आला. पोस्टमननं त्याच्यासमोर पांढरी मोहरी मांडली आणि कडेचं प्यादं सोडलं.

"अरे, हा माझा आहे."

"तुम्हीच तर शिकवलात," पोस्टमन म्हणाला. "मिरच्या भाजता भाजता."

मग सगळेच सोडायला लागले. ग्लिशासुद्धा, ज्यानं बापाच्या प्याद्याशिवाय दुसऱ्या कशानं कधी सुरुवात केली नव्हती. ओब्रादपुढं दोन वाटा होत्या. घोडा मागं न्यायचा आणि जिंकायचं, म्हणजे उपाय गावभर. नाहीतर हरायचं. तो हरत राहिला. स्वतःच्याच कुत्र्याकडून चावून घेऊन घरी यायचा आणि अंगणात कुंपणाच्या कडेनं फिरत राहायचा. कोंबड्यांनी त्याची वाट सोडून दिली होती.

"सांगून टाक की," नेवेंका म्हणाली. "जीव घेतेय ती चाल तुझा."

"सांगितली की संपलं. मग तो डाव राहील, पण कुत्रा राहणार नाही. मी गेल्यावर गावात माझ्या नावाचं दुसरं काय आहे?"

"मीटर आहेत."

"ते आता स्वतःच वाचतात स्वतःला."

शरदात शेवटचा सामना आला, नदीपलीकडच्या गावाशी, घरच्या मैदानावर. हरलं किंवा बरोबरी झाली तर बेली ब्रेग खालच्या गटात जाणार होतं. क्लबाच्या अंगणात माशाच्या रश्शाची कढई लागली, कारण पाहुण्यांना जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, जिंकोत की हरोत. यागोदा आली होती. तिनं भिंतीशी कॅमेरा उभा केला. डाव संध्याकाळी लोकांना दाखवणार होती. पंचाला त्यात गैर वाटलं नाही, उलट तो केस सारखे करून आला.

ओब्रादसमोर पाहुण्यांची स्मिल्या बसली. पन्नाशीची बाई, गुरांची डॉक्टर, हातांना साबणाचा वास. पांढरी मोहरी तिची.

"ओब्रादकाका, मी तुमच्यामुळे खेळायला लागले," ती म्हणाली. "बुद्धिबळाचं मला काही कळत नव्हतं. पण कुत्र्यांचं कळतं. तुम्ही ते फाटकाचं सांगितलंत, आणि मला वाटलं, हे जमेल."

"जमलं का?"

"बघू," ती म्हणाली, आणि तिनं कडेचं प्यादं सोडलं.

ओब्राद उठला. खिडकीपाशी गेला. परत आला, घोडा बाहेर काढला, पुन्हा गेला. ते प्यादं पळत पळत दारात येऊन उभं राहिलं. आता घोडा मागं न्यायची वेळ होती, आणि घड्याळ त्याच्या बाजूला चालू होतं.

त्यानं फेऱ्या सुरू केल्या. खोलीतून अंगणात, कढईला वळसा, पुन्हा आत. बाकीच्या पटांवरचे डाव संपत आले. पोस्टमननं दाढीवाल्याचा डाव खेळून पाहिला, आणि समोरच्यानं तोच दाढीवाला पाहिलेला निघाला. ग्लिशा जिंकला. त्यानं ओब्रादला कढईजवळ गाठलं.

"सगळं तुझ्यावर आलंय. बरोबरी चालणार नाही."

"कळलं."

"कळलं तर बस ना बाबा. चालून चालून तू रश्शाला वारा घालतोयस."

"ग्लिशा, तुझ्या वडिलांचं आंबवण कुणी मागितलं तर देशील?"

ग्लिशानं विचार केला. "दिलंय की. त्याला रोज पीठ खायला घातलं नाही तर ते मरतं, ओब्राद. आमचं एकदा मेलं होतं, तेव्हा माझ्या मावसबहिणीकडून परत आणलं."

ओब्राद आत गेला. घड्याळात फार काही उरलं नव्हतं. स्मिल्या हात मांडीवर ठेवून शांत बसली होती, आजारी गाईजवळ बसावं तशी. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग पोस्टमनकडे. उभ्या उभ्याच त्यानं घोडा उचलला आणि परत त्याच्या पहिल्या घरात ठेवला.

पोस्टमनचं तोंड उघडं राहिलं. स्मिल्या पटावर वाकली.

"एक पाऊल मागं," ती हळूच म्हणाली. "अर्थात. आम्ही गोठ्यात हेच करतो."

पुढं ती चांगली लढली, पण ते प्यादं एकटं पडलं होतं आणि तिनं ते घाईघाईनं पुढं ढकललं. ओब्रादनं ते उचललं, मग आणखी एक, आणि शेवटी तिनं राजा आडवा करून हात पुढं केला. बेली ब्रेग वरच्या गटात राहिलं. ग्लिशानं राकियाची, फळांच्या दारूची, बाटली उघडली. ओब्रादनं प्याला घेतला आणि तो हातात घेऊन बाहेर फिरायला लागला, जणू कुणीतरी गेलंय आणि अजून घरच्यांना सांगायचंय.

यागोदा कॅमेऱ्याचा स्टँड मिटत होती.

"आता दाखव सगळ्यांना," तो म्हणाला. "संपव एकदाचं."

"काका, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

ओब्राद थांबला.

"फोनमधल्या बुद्धिबळाच्या मशीनला विचारलं की ते लगेच सांगतं. घोडा मागं. मीच ते व्हिडिओत घातलं नाही, तुम्हीही बोलला नव्हता म्हणून. आणि खरं सांगू? दाखवलं तरी फार कुणी बघणार नाही. लोकांना कुत्रा चावताना बघायचा असतो."

"म्हणजे मी इतके महिने उगाच चावून घेतलं?"

"मला वाटलं, तुम्ही पोस्टमनला जिंकू देताय."

त्याला हसावं की रागवावं ते कळेना, म्हणून त्यानं कढईला आणखी एक वळसा घातला. इतकी वर्षं उराशी धरून ठेवलेली गोष्ट एका पोरीच्या खिशात पडून होती, आणि तिनंही ती कुणाला सांगितली नव्हती. पाय दुखायला लागले होते. हे नवीनच होतं.

पलीकडे, लांब टेबलाच्या टोकाला, स्मिल्यानं रश्शाचे वाडगे बाजूला सारून पट मांडला होता. तिचे गाववाले तिला जेवायला बोलवत होते आणि ती ऐकत नव्हती.

"ओब्रादकाका, इकडे या जरा. घोडा घरी गेला, ठीक. मी प्यादं पुढं ढकललं, तिथं चुकले. नाहीच ढकललं तर?"

"मग काय करणार?"

"काही नाही. त्याला दारातच बसू द्यायचं. भुंकायचं नाही, काही नाही. मी मागनं उंट आणते, वजीर आणते. तो नुसता बसलेला. मी इतकी वर्षं कुत्र्यांना सुया टोचतेय, काका. भुंकणाऱ्याला मी भीत नाही. जो गप्प बसून बघत असतो ना, त्याच्या अंगाला हात लावताना मी दोनदा विचार करते."

ओब्राद पटाकडे पाहत राहिला. घोडा घरी, प्यादं दारात, गप्प. समोरच्याला ते मारता येत नव्हतं आणि त्याच्याकडे पाठही करता येत नव्हती. इतक्या वर्षांत त्यानं आपल्या कुत्र्याला कधी बसवून पाहिलं नव्हतं.

"उंट कुठं आणणार?" त्यानं विचारलं.

"इथं."

"तिथं नको. थांब."

त्यानं पायानं बाक ओढलं आणि तिच्यासमोर बसला. नेवेंका त्याच्यासाठी रश्शाचा वाडगा घेऊन येत होती. ती वाटेतच थांबली, पाहिलं, आणि वाडगा परत कढईजवळ नेऊन त्यावर ताट झाकलं.