दोन घरांमधली बोळ

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि लांबचा प्रवास आता नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्यासाठी लांबचा प्रवास एकच होता, नंदुरबारकडचं माहेर. इथे शहरात, पर्वत पाटियाजवळच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून ती खाली जाणारे साड्यांच्या गाठोड्यांचे टेम्पो बघत राहायची.

मी सॉफ्टवेअरचं काम करते. एका रविवारी उपग्रहाच्या फोटोवरून मी तिच्या गावाचा नकाशा काढायला घेतला. कुठलं घर कुणाचं ते ती सांगत गेली, मामाने फोनवर फोटो पाठवले. घरावर क्लिक केलं की तिथला फोटो उघडावा, एवढंच करायचं होतं.

आधी सोपं म्हणून प्रत्येक घराभोवती एक चौकोन धरला. आईने स्वतःच्या ओट्यावर क्लिक केलं, तर तिच्या शेजारच्या, लहानपणच्या मैत्रिणीचं घर उघडलं. ते घर वाकडं होतं आणि त्याचा चौकोन आईच्या ओट्यावर चढला होता. तिचं घर तिकडेच संपतं, आई जरा नाराजीनेच म्हणाली.

मग प्रत्येक घराच्या कडेकडेने, वळणं घेत, मी बिंदू टाकले. क्लिक झालं त्या जागेपासून एक सरळ रेघ बाहेरपर्यंत न्यायची आणि ती घराची कड किती वेळा ओलांडते ते बघायचं. संख्या विषम आली तर क्लिक आतलं, सम आली तर बाहेरचं. आता ओटा ओट्यासारखा उघडू लागला. आई देऊळ, विहीर, शाळा असं फिरत राहिली. मग तिने दोन घरांच्या मधे क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. तिने पुन्हा केलं.

"आठे काहीच नही का वं?" तिने माहेरच्या बोलीत विचारलं, इथे काहीच नाही का.

ती बोळ होती. दुपारी तिथे सावली असायची, तिथे बसून आई आणि ती मैत्रीण तासन् तास बोलायच्या. दोघींची लग्नं ठरली तेही एकमेकींना तिथेच सांगितलं होतं. बोळ कुणाचीच नव्हती, म्हणून मी ती मोकळी सोडली होती.

मैत्रीण अजून गावातच होती. मी मामाला फोन करून सगळं सांगितलं. दोन दिवसांनी फोटो आला. बोळीत भिंतीला टेकून एक पिकल्या केसांची बाई बसली होती, अंग चोरून, एका कडेला.

मी बोळीचा वाकडातिकडा आकार आखला आणि फोटो जोडला. आईने क्लिक केलं. मग मैत्रिणीच्या शेजारच्या रिकाम्या जमिनीवर बोट ठेवून म्हणाली, "तिनी मनी जागा सोडेल शे." मैत्रिणीने आईची जागा राखून ठेवली होती.

त्या संध्याकाळी तिने मला डॉक्टरांची पुढची तारीख विचारली. प्रवासाला डॉक्टर अजून नाहीच म्हणतात. दुपारी आडवं होण्याआधी ती बोळीवर तेवढं एक क्लिक करते.