म्हाताऱ्याची बारी

जेद्दाच्या समुद्राकाठी स्टेज उभं राहत होतं आणि बाळाराम परब सकाळपासून करवादत होता. केबल नीट गुंडाळली नाही म्हणून, चहा पाणचट म्हणून, वारा सुटला म्हणूनसुद्धा! खरं कारण एकच. वॉल्टर आला नव्हता. येणार कुठून? दोन वर्षांपूर्वी तिकडे कॅनडात वारला तो.

बाळाराम मूळचा आचऱ्याचा. इलेक्ट्रिशियन म्हणून आला आणि गोऱ्या लोकांच्या एका कंपाउंडमध्ये, भिंतीबंद वसाहतीत, लागला. त्या काळी या देशात उघड्यावर गाण्याबजावण्याचं नाव काढायची सोय नव्हती, पण कंपाउंडच्या भिंतीआड सगळं चाले. तिथेच दोघा कॅनेडियनांनी ब्लूजचा बँड काढला, ‘फ्रोझन हार्बर’. हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा डग गिटार घेऊन गायचा आणि खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या प्लांटवरचा वॉल्टर माउथ ऑर्गन वाजवायचा. माईक आणि स्पीकर बाळारामच्या हवाली. ब्लूज म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावलं नाही. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं,’ तो म्हणायचा, ‘फिरून फिरून त्याच जागेवर यायचं. आमचं भजन दुसरं काय असतं?’

मग गावाहून फोन आला. बापूस गेला. भागोजी परब, भजनी मंडळाचा पखवाजवाला. बाळारामचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे अरब मालकाकडे, आणि कफील मदिनेला. सुटीचा शिक्का मिळेपर्यंत तिकडे चिता थंड झाली. बाळाराम जनरेटरच्या खोलीत जाऊन बसला. वॉल्टर शोधत आला आणि शेजारी फरशीवर टेकला. बाळारामने त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत मंडळाची रीत सांगितली: वाजवणारा गेला की गजरात एक आवर्तन त्याच्यासाठी रिकामं सोडायचं. टाळसुद्धा वाजवायचा नाही. ती गेलेल्याची बारी.

त्या संध्याकाळी वॉल्टर भर गाण्यात थांबला. अख्खं आवर्तन गप्प! लोकांना वाटलं, बुवा विसरला. बाळाराम तेवढा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच महिन्यात डग आणि वॉल्टरचे करार संपले आणि ते मायदेशी गेले.

पुढे बँडला बरे दिवस आले. कॅनडाभर फिरले, चार रेकॉर्ड काढल्या. बाळाराम त्या मोबाईलवर ऐकायचा. आता इथेही उघड्यावर गाणी होऊ लागली, तेव्हा शेवटचा कार्यक्रम जिथे सुरुवात केली तिथेच करायचा, असं डगने ठरवलं. वॉल्टरच्या जागी टोरंटोहून नवा वादक आणला होता.

आणि बाळारामच्या मनाने घेतलं होतं, की वॉल्टरची बारी सोडली गेलीच पाहिजे. परक्याच्या बापासाठी जो थांबला, त्याच्यासाठी कुणी थांबायचं नाही? हा कुठला न्याय?

मगरीबची, दिवेलागणीची अजान झाली तसा साऊंड बंद केला. डग स्टेजमागे एकटाच बसला होता. बाळारामने धीर करून विचारलं, ‘मिस्टर डग, शेवटच्या गाण्यात एक आवर्तन रिकामं सोडाल? वॉल्टरसाठी.’

डगचा चेहरा पांढराफटक पडला. ‘ते नको, बाला. काहीही माग, ते नको.’

‘का?’

‘ती जागा आहेच त्या गाण्यात. रेकॉर्डमध्ये नाही, पण लोकांपुढे वॉल्टर दर वेळी ती सोडायचा. शेकडो गावांत सोडली. कुणासाठी, ते सांगितलं नाही. इतकंच म्हणायचा, ही म्हाताऱ्याची बारी.’ डगने ओठांवरून हात फिरवला. ‘वॉल्टर गेल्यापासून त्या शांततेत मला कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. कोण म्हातारा? काय हवंय त्याला? मी भितो रे. म्हणून या नव्याला सांगितलंय, ती जागा भरून टाक.’

बाळारामने खांब धरला. आचरा सोडून कणकवलीपलीकडे न गेलेला बापूस, शेकडो गावं, बर्फातली!

‘काही नको त्याला,’ तो कसाबसा म्हणाला. ‘भिऊ नका. माझा बाप आहे तो.’

मग त्याने सगळं सांगितलं. डग ऐकत राहिला. शेवटी त्याने एवढंच विचारलं, ‘नाव काय?’

कार्यक्रमाला ही गर्दी! अबायातल्या पोरी, पांढऱ्या पायघोळ तोबातले तरुण, सगळे डोलत होते. बाळारामने वॉल्टरचा माईक जुन्या जागी उभा केला होता. त्यावर वारा अडवणारी फोमची टोपी घातली नव्हती. ती वॉल्टरला खपत नसे.

शेवटच्या गाण्याआधी डग म्हणाला, ‘वॉल्टर.’ मग जीभ सांभाळत म्हणाला, ‘भा-गो-जी.’

गाणं रंगलं आणि थांबलं. नवा वादक हात खाली घेऊन उभा. बाळारामने त्या माईकचं बटण वर सरकवलं. स्पीकरमधून श्वास आला, लांब, खरखरीत, आणि सगळा किनारा गप्प झाला. समुद्रावरचा वारा असेल. माईक उघडा होता, वारा होता. बाळारामला तपासायचं नव्हतं. डग त्या माईककडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर भीती नव्हती.

बापूस गेला तेव्हा बाळारामला रडू आलं नव्हतं. ते आता आलं. पालथ्या मुठीने डोळे पुसत तो मराठीत म्हणाला, ‘घ्या बाबा. तुमची बारी.’