पलंग अंगणात कोण नेतं?

लिहू की नको, असं करत चार महिने गेले. आमच्या घरात अंगात येणं, उतारा वगैरे कुणी मानत नाही. मीही नाही... आजही नाही. पण झालं ते जसंच्या तसं सांगतो.

गेल्या वर्षी मी लातूरला क्लाससाठी खोली करून राहत होतो. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे गेम खेळतो हे घरी सांगायची हिंमत नव्हती. क्लासमधली आम्ही काही पोरं एका ऑनलाइन सर्व्हरवर ठोकळे रचून गाव वसवत होतो. सर्व्हर नांदेडच्या एका दादाचा. तक्रारी बघायचं काम माझ्याकडे — कोणी शिव्या दिल्या, कोणाचं घर फोडलं, की रिपोर्ट मला यायचा.

एका आठवड्यात सहा रिपोर्ट आले, सगळे एकसारखे : ‘माझा पलंग कोणीतरी अंगणात नेऊन ठेवतं.’ चोरी नाही, तोडफोड नाही. फक्त पलंग. माझाही नेला होता. बाकी आमची सगळ्यांची घरं दगडाची. लाकडाचं घर एकट्या समीरचं आणि त्याचाच पलंग जागेवर. मग काय, संशय त्याच्यावर. कोणी काय हलवलं याची सर्व्हरवर नोंद राहते, पण इथे नावाची जागा कोरी होती. दादाचा मेसेज आला, ‘त्यानेच नोंद पुसलीय. रविवार संध्याकाळपर्यंत दुसरं कोणी सापडलं नाही, तर समीर कायमचा बॅन.’

समीर माझा रूममेट. अहमदपूरचा, वडिलांचं शिवणकामाचं दुकान. पहिल्या महिन्यात मी घरच्या आठवणीने रडायचो, तेव्हा त्यानेच मला या सर्व्हरवर नेलं होतं.

“तुला पण वाटायलंय का, मीच केलं?” त्याने विचारलं.

मी लगेच ‘नाही’ म्हणालो नाही... दोन दिवस त्याने माझ्या डब्याला हात लावला नाही.

रविवारी दुपारी अप्पा, म्हणजे माझे वडील, निलंग्याहून एसटीने स्वतः डबा घेऊन आले. मी लॅपटॉप मिटायच्या आत त्यांनी पाहिलं.

“ह्यो अभ्यास हाय व्हय?”

“चाचा, अभ्यास न्हाई, कोर्टकचेरी हाय,” समीर म्हणाला. “तुमचं पोरगं जज, मी आरोपी.”

अप्पा हसले. “आरोपी आधी जेवंल. घे, भाकरी घे.” अप्पांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

मी सगळं सांगितलं. दाखवायला म्हणून माझा पलंग पुन्हा घरात ठेवला. सर्व्हरवर तेव्हा मी एकटाच होतो. समीरचा फोन खिडकीत चार्जिंगला, हातात भाकरी. अप्पांना माझं शेत दाखवलं आणि वळलो...

पलंग अंगणात होता. उशाशी पाण्याची बादली. आधी कुणाच्याही पलंगाशी बादली नव्हती.

समीरचा घास तसाच राहिला. अप्पा स्क्रीनजवळ सरकले.

“घर दगडाचं हाय का रं हे?”

“हो.”

अप्पा सांगू लागले. “भूकंपाच्या आदल्या सांजेला मी लई रडाय लागलो, आत उकडतंय म्हणून. आठ वर्षांचा असंन. आक्कानं माझी बाज वढत अंगणात न्हेली. उशाला पाण्याचा तांब्या ठिवला. ती आजीपाशी आत निजली...”

आक्का म्हणजे अप्पांची मोठी बहीण. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी घराखाली गेली, एवढंच मला माहीत होतं. तांब्याचं त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मग मी तो खेळात कुठून आणणार? समीर तरी कुठून?

अप्पांनी बोटाने स्क्रीनवरची बादली हळूच पुसल्यासारखी केली. म्हणाले, “ऱ्हाऊ दे भाईर. आत नको न्हेऊ.”

समीरची मी माफी मागितली. “माफी ठेव, लोणचं दे,” तो म्हणाला.

संध्याकाळी रिपोर्ट बंद केला. ‘खेळाडू’ या रकान्यात लिहिलं : समीर नाही, तो माझ्यासमोर बसला होता. ‘कारवाई’ या रकान्यात : काही नाही, घरचं माणूस आहे. दादाने फोन करून खूप झापलं. पण समीरला बॅन केलं नाही. माझं मॉडरेटरपद मात्र गेलं.

आता मी नांदेडला बी.एस्सी.ला आहे. कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं, ते म्हणाले सर्व्हरचा बिघाड असेल. असेलही. बिघाडाला दगड आणि लाकूड यातला फरक कसा कळला, ते मला सांगता येत नाही. सर्व्हर अजून चालू आहे. मी पलंग बाहेरच ठेवतो. बादली मी कधी भरत नाही... ती भरलेली असते.