घरी दाब बरोबर होता
गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा बायको मागच्या सीटवर होती आणि तिच्या डायलिसिसला अर्धा तास उरला होता. आठवड्यातून तीनदा गोत्रीतल्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं. एक खेप चुकली की पायांवर सूज, मग धाप. त्या दिवशी रिक्षाने पोचेपर्यंत तिची खुर्ची दुसऱ्याला देऊन झाली होती. दुसऱ्या दिवशी नंबर लागेपर्यंत तिला आडवं होता आलं नाही, आणि मी समोर बसून तिचे श्वास मोजत होतो.

मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. पाइपांमधला दाब मोजण्यात उभा जन्म गेला आणि घरच्या जुन्या गाडीतला पेट्रोलचा दाब मला दाद देईना, याचा मला भयंकर राग येत होता. वीस मिनिटं गाडी गुणी बाळासारखी चालायची, मग आचके द्यायची, मग मान टाकायची. पंप बदलला, फिल्टर बदलला. दर वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दाब मोजायचं गेज लावायचो आणि सुई बरोबर आकड्यावरून हलायची नाही. बायको म्हणाली, रिक्षाने जात जाऊ. मी तिच्यावर खेकसलो. डायलिसिसनंतर तिला खड्ड्यांतून नेणं नको होतं हे खरंच, पण त्याहून खरं म्हणजे मला हार मानायची नव्हती.

शेवटी नाक मुठीत धरून जुन्या शहरात, वाडी भागातल्या एका मेकॅनिककडे गेलो. माझी सगळी मोजमापं त्याने शांतपणे ऐकून घेतली.

"काका, ऊभी गाडीमां कांई नहीं मळे," तो गुजरातीत म्हणाला. "चालतीमां जुओ."

उभ्या गाडीत काही सापडणार नाही, चालत्या गाडीत बघा, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कुणीतरी सांगावं लागलं. सोमवारी सकाळी गेज जोडलं, जोडणी दोनदा तपासली, नळी बॉनेटमधून बाहेर काढली आणि गेज समोरच्या काचेवर चिकटपट्टीने बसवलं. बायकोला घेऊन तासभर आधीच निघालो.

पंधरा मिनिटं सुई ठाम होती. मग ती खाली यायला लागली, इतकी हळू की आधी मला भास वाटला. आचके सुरू झाले तशी गाडी कडेला घेतली आणि तिथेच ती बंद पडली. मी खाली उतरून बॉनेट उघडलं, पण काय शोधायचं तेच सुचेना. मागून हॉर्न वाजत होते. रिक्षा एकही रिकामी येत नव्हती.

बायकोने काच खाली केली. "घरी मोजताना तुम्ही पेट्रोलचं झाकण काढून ठेवता," ती म्हणाली. "बाल्कनीतून दिसतं मला. आत्ता ते लावलेलं आहे."

प्लँटमधला नियम हातात मुरलेला होता: कुठलीही लाइन उघडायची तर आधी टाकीतला दाब मोकळा करायचा. म्हणून दर वेळी गेज जोडण्याआधी मी झाकण काढत होतो, आणि गाडी बाहेर काढताना परत लावत होतो. आणि महिन्यापूर्वी, पेट्रोलच्या वासाने तिला मळमळतं म्हणून, त्याच झाकणाला मी आतून जाड रबर कापून बसवलं होतं. माझं काम पक्कं असतं. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत जायची बारीक वाटही मी बुजवून टाकली होती.

झाकण फिरवताच टाकीने हवा आत ओढल्याचा मोठा आवाज झाला. रबर उपटून फेकलं, किल्ली फिरवली, सुई चढली. उरलेला रस्ता मी आरशात मागे बघायचं टाळलं. शरम वाटत होती.

पाच मिनिटं राखून पोचलो. सिस्टरने तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, तीन आठवडे झाले, मावशींच्या अंगात पाणी फारच कमी साठतंय. मला उगाच बरं वाटलं. पथ्याला यश येतंय, मी म्हणालो.

बायको खुर्चीत बसली, बाही वर केली. "पथ्य नाही," ती म्हणाली. "गाडी पोचली नाही तर एक दिवस जास्त काढता यावा, म्हणून निम्मंच पाणी पीत होते."

डॉक्टरांनी दिवसाला जेमतेम चार पेले ठरवून दिले होते. त्यातले दोन ती माझ्या हट्टापायी सोडत होती, आणि मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो.

"आता द्या थोडं," ती म्हणाली.